तिसऱ्या वर्षानंतर मेंदू ‘पक्का’ होतो?

“तीन वर्षांपर्यंत शिकला तो शिकला, पुढं मेंदू पक्का होतो.” सांगलीत शंभरफुटी रोडवर परवा एका आईनं मला हेच सांगितलं. तिचा सहा वर्षांचा मुलगा उशिरा बोलतोय. सांगताना तिचे डोळे भरले होते.

हा समज अर्धवट सत्यातून आलाय. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून ठेवला; उघडल्यावरही मेंदू त्या डोळ्याला दाद देईना. मोठ्या मांजरांत तसं झालं नाही. जन्मजात मोतीबिंदूही बाळाची नजर अशीच अडवतो, म्हणून त्याच्या बाबतीत हयगय नकोच.

पण मेंदूशास्त्रज्ञ डॉ. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात ८ ते १७ वर्षांच्या, जन्मापासून न दिसणाऱ्या भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. हातानं चाचपलेला ठोकळा नुसत्या नजरेनं त्यांना आधी ओळखता येईना. काही दिवसांतच येऊ लागला! नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही, हेही खरं. शब्दसंग्रह, वाचन, गणित यांना तर अशी मुदतच नाही.

त्या आईला म्हटलं, “ताई, आधी त्याचे कान तपासून घ्या. मग स्पीच थेरपी लगेच सुरू करा.”