रेषीय दिवे आणि त्यांची सुटी कव्हरे

ज्या दिव्याची लांबी रुंदीच्या कितीतरी पट असते आणि ज्याचा प्रकाश एका सलग पट्ट्यातून येतो, त्याला रेषीय दिवा म्हणतात. ट्यूबलाइटची पत्र्याची पट्टी, फॉल्स सीलिंगमधली अ‍ॅल्युमिनियमची उजळ रेघ, कारखान्यातला पाणीबंद बॅटन (छताला लावायचा लांब, बंदिस्त दिवा), आरशावरचा लांबट दिवा हे सगळे एकाच कुळातले. यांतल्या बऱ्याच दिव्यांवर दुधी, पारदर्शक किंवा बारीक खाचांचे कव्हर असते आणि ते काढता येते. बघणाऱ्याला दिव्याचा दिसतो तो मुख्यतः हाच भाग. त्याच्याकडून अपेक्षा मात्र एकमेकींशी भांडणाऱ्या असतात. त्याने प्रकाश पसरवायचा पण गिळायचा नाही, धूळपाणी अडवायचे पण उष्णता कोंडायची नाही, वायरमनच्या हाती पटकन यायचे पण इतर कुणाच्या हाती सहज लागायचे नाही. रेषीय दिव्याची रचना म्हणजे बऱ्याच अंशी हे कव्हर बसते कसे आणि निघते कसे, याचीच रचना होय.

उघड्या नळीपासून झाकलेल्या पट्टीपर्यंत

फ्लुरोसंट नळी जनरल इलेक्ट्रिकने १९३८ मध्ये बाजारात आणली. सुरुवातीच्या टी१२ नळीचा व्यास ३८ मिलिमीटर होता. पुढे टी८ (२६ मिलिमीटर) आणि टी५ (१६ मिलिमीटर) आल्या. नळी जसजशी बारीक झाली, तसतसा तेवढाच प्रकाश कमी पृष्ठातून बाहेर पडू लागला आणि ती डोळ्यांना जास्त खुपू लागली. जाड नळी छताखाली उघडी लटकली तरी चालून जात असे. कार्यालयांत मात्र नळीखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची जाळी किंवा खाचेदार प्लास्टिकचा पत्रा लावण्याची पद्धत रुळली. नळी, स्टार्टर, चोक यांतले काही ना काही ठरावीक काळाने बदलावे लागेच. त्यामुळे कव्हर निघायलाच हवे, याबद्दल तेव्हा कुणाला शंका नव्हती.

एलईडी आली आणि दोन गोष्टी बदलल्या. प्रकाश देणारा ठिपका जेमतेम काही मिलिमीटरचा झाला. उघड्या ठिपक्याची उजळता दर चौरस मीटरला लाखो कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) असते, त्यामुळे झाकण ही गरजच बनली. दुसरे म्हणजे एलईडी हजारो तास टिकते या भरवशावर अनेक उत्पादकांनी कव्हर चिकटवून किंवा वितळवून कायमचे बंद करायला सुरुवात केली. हा भरवसा अर्धाच खरा होता. एलईडी टिकते, पण तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर तितका टिकेलच असे नाही. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की साधारण निम्मे होते, आणि बंद डब्यात तापमान वाढतेच. परिणामी एका छोट्या भागापायी अख्खा दिवा फेकला जाऊ लागला.

युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२१ पासून लागू केलेल्या २०१९/२०२० क्रमांकाच्या नियमाने यावर बोट ठेवले. प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर हे नेहमीच्या अवजारांनी, दिव्याची मोडतोड न करता काढता आले पाहिजेत, असा त्याचा रोख आहे. अपवाद आहेत, पण सुटे कव्हर पुन्हा रचनेच्या मध्यभागी येण्यामागे हे एक मोठे कारण आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत सामान्य वापराच्या फ्लुरोसंट नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले. त्यामुळे जुन्या पट्ट्या आणि त्यांची कव्हरे तशीच ठेवून आतला स्रोत तेवढा बदलायचा, हे कामही वाढले आहे.

दुधीपणाचे गणित

स्वच्छ पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. उरलेला ८ टक्के प्लास्टिक खात नाही. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून सुमारे ४-४ टक्के परावर्तित होतो, म्हणून पत्रा कितीही पातळ केला तरी हा तोटा टळत नाही. दुधी कव्हरात प्रकाश विखुरणारे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. कण जास्त तितके ठिपके अदृश्य आणि प्रकाश कमी, असा सरळ सौदा आहे. गडद दुधी कव्हर निम्म्याच्या आसपास प्रकाश गिळू शकते.

या सौद्यातून सुटण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे अंतर. कव्हर एलईडीपासून जितके लांब, तितके शेजारच्या ठिपक्यांचे प्रकाशवर्तुळ एकमेकांत मिसळते. ढोबळ नियम असा, की कव्हर आणि एलईडी यांतले अंतर दोन एलईडींमधल्या अंतराएवढे तरी असावे. मीटरला ६० एलईडी असलेल्या स्ट्रिपमध्ये (एलईडी ओळीने बसवलेल्या लवचीक पट्टीत) दोन ठिपक्यांत सुमारे १७ मिलिमीटर असतात. ती ७-८ मिलिमीटर खोलीच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे दिव्याच्या खोबणीदार धातूच्या पट्टीत, घातली तर कव्हर कितीही चांगले असो, माळ ओवल्यासारखे ठिपके दिसणारच. मीटरला १२० एलईडी घेतल्या की हे अंतर ८.३ मिलिमीटरवर येते आणि तेच प्रोफाइल जवळपास चालून जाते. सीओबी (चिप-ऑन-बोर्ड) स्ट्रिपमध्ये दाटीने बसवलेल्या चिपांवर फॉस्फरचा, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या द्रव्याचा, सलग थर असतो; तिने हा प्रश्न बराच सोडवला आहे.

ठिपके गेले म्हणजे डोळे दिपणे थांबले, असे मात्र नाही. ४,००० लुमेनचा (लुमेन म्हणजे एकूण प्रकाशाचे एकक) प्रकाश १.२ मीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद दुधी पट्ट्यातून सर्व दिशांना सारखा बाहेर पडत असेल, तर त्या पृष्ठाची उजळता दर चौरस मीटरला सुमारे १७,७०० कँडेला होते. रुंदी दुप्पट केली की ती निम्मी होते. कव्हर आणखी दुधी केल्याने ती कमी होते ती केवळ प्रकाश वाया गेल्यामुळे. म्हणजे बारीक रेघ आणि भरपूर प्रकाश हे दोन्ही हवे असेल, तर डोळ्यांना काहीतरी सोसावे लागेल. छतातली बोटभर रुंदीची रेघ नकाशात जितकी सुंदर दिसते, तितकी खाली बसून काम करणाऱ्याला ती बहुधा वाटत नाही.

कार्यालयातल्या दिव्यांसाठी म्हणूनच सूक्ष्म प्रिझमांची कव्हरे वापरतात. ती प्रकाश नुसता विखुरत नाहीत, तिरक्या दिशेला जाणारे किरण खाली वळवतात. युरोपीय मानकात कार्यालयीन कामासाठी चकाकीचा निर्देशांक (यूजीआर) १९ च्या वर जाऊ नये असे म्हटले आहे, ते गाठायला या कव्हरांची मदत होते. त्यांची एक खोड आहे. ती उलटी बसली तर प्रकाशाची वाटणीच बदलते, आणि शिडीवर उभ्या माणसाला सुलट-उलट ओळखू येईलच असे नाही. एका कडेला वेगळी खाच ठेवून कव्हर एकाच बाजूने बसेल असे करणे हा यावरचा शहाणपणाचा उपाय.

पकड

कव्हर धरून ठेवण्याच्या मुख्य रीती चार: प्रोफाइलच्या टोकातून सरकवणे, समोरून दाबून खटकन बसवणे, क्लिपांनी किंवा स्क्रूंनी आवळणे आणि एका कडेला बिजागरी देऊन झुलवणे. चुंबकावर बसणारी कव्हरेही असतात, पण लांब दिव्यांत ती क्वचित.

सरकवण्याची रीत सर्वांत पक्की आणि दुरुस्तीच्या वेळी सर्वांत त्रासाची. तीन मीटरचे कव्हर काढायला टोकाशी तीन मीटर मोकळी जागा लागते. भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेल्या दिव्यात ती कधीच नसते. म्हणून इमारतींतल्या दिव्यांत दाबून बसणारी खोबण जास्त चालते. कव्हराच्या दोन्ही कडांना आकडीसारखे ओठ असतात आणि प्रोफाइलच्या भिंतींत त्यांच्यासाठी खाच असते. इथे सगळा खेळ आकडीच्या दोन उतारांचा आहे. आत शिरणारा उतार सौम्य असला की अंगठ्याच्या दाबाने कव्हर बसते. धरून ठेवणारा उतार ४५ अंशांच्या आसपास असला तर ओढल्यावर ते सुटते. तो काटकोनाकडे झुकला की कव्हर पडत नाही, पण उचकटल्याशिवाय निघतही नाही.

पदार्थही इथे आड येतो. अ‍ॅक्रिलिक सूर्यप्रकाशात सहसा पिवळे पडत नाही, पण ते ठिसूळ. तुटण्यापूर्वी जेमतेम काही टक्के ताणले जाते, त्यामुळे बारीक आकडी वारंवार वाकवली की तडकते. पॉलिकार्बोनेट १०० टक्क्यांहून अधिक ताणले जाते आणि हातोड्याचे घावही सोसते, मात्र अतिनील किरणांपासून बचावाची सोय नसेल तर ते कालांतराने पिवळे पडते. पॉलिस्टायरीन स्वस्त, आणि पिवळे पडण्यात सर्वांत पुढे. यातून मध्यममार्ग म्हणून आघात सोसणारे अ‍ॅक्रिलिक किंवा मधला पट्टा दुधी आणि कडा लवचीक अशी एकत्र ओढलेली कव्हरे बनवतात.

रचनाकार कव्हर टेबलावर, दोन्ही हातांनी बसवून पाहतो. प्रत्यक्षात ते डोक्यावर, शिडीवरून, बहुधा एका हाताने काढले जाते, कारण दुसऱ्या हाताने शिडी धरलेली असते. या एका फरकातून बऱ्याच चुका जन्मतात. पृष्ठाशी अगदी समपातळीत बसलेल्या कव्हराला नख घालायलाही जागा नसते. मग स्क्रूड्रायव्हर घुसतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कडेवर कायमचा ओरखडा उठतो. टोकाची टोपी आधी काढून तिथून कव्हर उचलता येणे, कडेला छोटी फट ठेवणे किंवा सक्शन कपने ओढता येईल असे गुळगुळीत पृष्ठ देणे, यांतले एक तरी हवे. काढलेले कव्हर ठेवायचे कुठे, हाही प्रश्नच. मोठ्या कव्हराला एका बाजूने दोरी किंवा पट्टी जोडलेली असली की ते लटकत राहते, खाली पडत नाही आणि दोन्ही हात मोकळे होतात. क्लिपा दिव्यालाच अडकून राहाव्यात, स्क्रू सैल झाल्यावर कव्हरातून गळून पडू नयेत, हेही याच जातीचे नियम. खाली पडलेला स्क्रू शोधणाऱ्याला त्यांचे महत्त्व सांगावे लागत नाही.

लांबी आणि ऊन

प्लास्टिक धातूपेक्षा कितीतरी जास्त फुगते. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते, अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.०२३. दिवा लागून तापमान ३० अंशांनी वाढले, तर तीन मीटरचे कव्हर सहा मिलिमीटरहून थोडे अधिक लांबते आणि प्रोफाइल दोन. हा चार मिलिमीटरचा फरक कुठेतरी जायला हवा. टोकाला फट सोडली नसेल तर कव्हर पोट काढते आणि खोबणीतून निसटते. फट सोडली तर थंड दिव्यात टोकाशी प्रकाशाची तीक्ष्ण चीर दिसते. टोपीच्या आत कव्हराचे टोक काही मिलिमीटर लपवणे हा रूढ तोडगा. दिवा लावल्यावर आणि विझवल्यावर छतातून येणारी टकटकही बरेचदा या फुगण्याचीच असते.

अनेक दिवे जोडून लांब ओळ करताना प्रोफाइलचा सांधा आणि कव्हराचा सांधा एकाच जागी आणू नये. दोन्ही एकत्र आले की तिथे काळी रेघ किंवा उजळ भेग दिसतेच. लवचीक दुधी पट्टीची गुंडाळी आणून सबंध ओळीला एकच सलग कव्हर घालण्याची युक्ती त्यामुळे लोकप्रिय झाली. ती घालताना ताणायची नाही. ताणली तर काही दिवसांनी ती पुन्हा आखडते आणि टोकाशी अंधारा तुकडा उघडा पडतो.

पाणी, धूळ आणि हात

पाणीबंद बॅटनवर आयपी ६५ असे लिहिलेले असते. पहिला अंक धूळ अजिबात आत न जाण्याचा, दुसरा कुठल्याही दिशेने आलेल्या पाण्याच्या झोताचा. हा अंक कव्हराला नसून कव्हर, रबरी गॅस्केट आणि क्लिपा यांच्या जोडीला असतो. दहापैकी एक क्लिप उघडी राहिली की तो संपला. गॅस्केट वर्षानुवर्षे दबून चपटे होते आणि परत फुगत नाही, म्हणून जुन्या दिव्याचे कव्हर एकदा उघडले की नव्या गॅस्केटशिवाय पूर्वीची घट्टी परत येईलच असे नाही. शिवाय घट्ट डबाही श्वास घेतो. दिवा विझल्यावर आतली हवा आकसते आणि केबल जिथून आत येते त्या ग्लँडमधून दमट हवा शोषली जाते. हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा बसवल्याने कव्हराच्या आतले बाष्पबिंदू आटोक्यात येतात.

सुरक्षिततेचा मूळ नियम सोपा आहे. विजेच्या धक्क्यापासूनचा बचाव ज्या कव्हरावर अवलंबून आहे, ते अवजाराशिवाय निघता कामा नये. आतल्या जिवंत भागाला हात पोहोचतो का, हे तपासायला १२ मिलिमीटर व्यासाचे आणि ८० मिलिमीटर लांबीचे सांधेदार कृत्रिम बोट वापरतात. १२ किंवा २४ व्होल्टच्या, मुख्य पुरवठ्यापासून अलग केलेल्या स्ट्रिपवरचे कव्हर मात्र हाताने काढले तरी धोका नाही, कारण तिथे ते केवळ प्रकाशासाठी असते. बाहेरून दोन्ही दिवे सारखेच दिसतात, हीच अडचण. अन्नप्रक्रियेच्या जागी कव्हराचे काम उलट्या दिशेने चालते. तिथे ते आतली काच फुटली तर तुकडे खाली पडू देत नाही.

कव्हर पुसण्याबद्दल दोन शब्द पुरे. कोरड्या फडक्याने घासले तर प्लास्टिकवर स्थिर विद्युत साठते आणि धूळ आणखी चिकटते. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल आणि पॉलिकार्बोनेटला तीव्र अल्कली लावली तर बारीक चिरांचे जाळे उठू शकते. सौम्य साबणाचे पाणी आणि ओले मऊ फडके दोघांनाही चालते.

लांब ओळीतले एखादे कव्हर फुटून नवे बसवले, की ते शेजाऱ्यांपेक्षा पांढरे दिसते. पिवळेपणा हळूहळू आल्यामुळे तोवर कुणाच्या लक्षात आलेला नसतो. म्हणून ओळ बसवतानाच त्याच घाण्यातली दोन-चार कव्हरे बाजूला ठेवतात. ती अंधारात राहिल्यामुळे कमी पिवळी पडतात, तेव्हा बदलताना ती ओळीच्या टोकाशी लावायची आणि टोकाचे जुने कव्हर मधल्या रिकाम्या जागी आणायचे. टोकाला एकच शेजारी असतो, त्यामुळे रंगातला फरक तिथे कमी जाणवतो.