दादर सापडलं, पण कुठल्या लाईनचं?

यादीच्या आत यादी असली की शोध कसा घ्यायचा, हे प्रोग्रॅमिंगमधल्या नवख्यांना मी मुंबईच्या लोकलवरून समजावतो. पश्चिम, मध्य, हार्बर ही बाहेरची यादी; प्रत्येकीच्या पोटात स्थानकांची यादी. शोधायचंय दादर, जे पश्चिम आणि मध्य दोन्हींवर आहे.

१९९६ मध्ये जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा आली तेव्हा माहिती साठवायला हाताशी ॲरे, व्हेक्टर आणि हॅशटेबल होते. १९९८ च्या अखेरीस १.२ आवृत्तीत जोशुआ ब्लॉक यांनी आखलेलं कलेक्शन्स फ्रेमवर्क, म्हणजे याद्या हाताळायची तयार साधनं, आलं. २००४ मध्ये जेनेरिक्स (यादीत कुठल्या प्रकारची माहिती आहे ते आधीच सांगायची सोय) आणि सुटसुटीत फॉर लूप (यादीतल्या एकेका घटकावरून फिरणारी आज्ञा) आले, दरवेळी प्रकार बदलून घेण्याचा, म्हणजे कास्टिंगचा, जाच संपला. लुपातला लूप मात्र तसाच राहिला. पश्चिमेवर दादर सापडलं म्हणून ब्रेक (लूप थांबवायची आज्ञा) लिहावा, तर थांबतो फक्त आतला लूप. बाहेरचा पुढे मध्य रेल्वेवर जातो आणि तिथलं दादर आधीच्या उत्तरावर लिहून टाकतो. मग बाहेरच्या लुपाला लेबल, म्हणजे नाव, लावून ब्रेकला तोच थांबवायला सांगा, नाहीतर 'सापडलं का' असं हो-नाही साठवणारं बूलियन सांभाळा. असा कोड मी बरीच वर्षं लिहिला आहे. चूक नेमकी त्या बूलियनमध्ये निघायची.

मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत लॅम्डा (जागच्या जागी लिहायचं छोटं फंक्शन) आणि स्ट्रीम (घटकांचा एकामागून एक प्रवाह) आले. ब्रायन गेट्झ त्या कामाचे प्रमुख होते. फ्लॅटमॅपने सगळ्या लाईनींची स्थानकं एका सपाट ओळीत आणायची, दादर तेवढं ठेवणारा फिल्टर लावायचा, फाइंडफर्स्टने पहिलं उचलायचं. कल्पना फंक्शनल भाषांमधली, जुनीच. पण सपाट केलं की स्थानक हाती येतं आणि लाईन हातची जाते. दादरला हे फार खुपतं: डिसेंबर २०२३ पर्यंत तिथे पश्चिमेचाही एक नंबर फलाट होता आणि मध्य रेल्वेचाही. आता मध्यचे फलाट आठपासून सुरू होतात. म्हणून लाईन हवी असेल तर सपाट करूच नये. लाईनींवरच फिल्टर लावावा आणि आत एनीमॅचने विचारावं, 'तुझ्यात दादर आहे का?' माझ्या मते बहुतेकांना हवं असतं हेच, लिहितात मात्र फ्लॅटमॅप.

फ्लॅटमॅपमध्ये आणखी एक खोट होती. दादर मिळाल्यावरही त्या लाईनची उरलेली स्थानकं तो चाळतच राही. आतला स्ट्रीम अनंत असेल तर प्रोग्रॅम लटकायचा. २०१८ च्या जावा १० मध्ये ते सुधारलं. २०२१ मध्ये जावा १६ ने रेकॉर्ड, म्हणजे काही मूल्यं एकत्र बांधणारे छोटे प्रकार, कायमचे भाषेत घेतले. तेव्हापासून लाईन आणि स्थानक यांची जोडी एका ओळीत बांधता येते, आणि सपाट करतानाही दादर आपली लाईन सोबत घेऊन येतं.