खुलासा: बागेतला नेपाळी 'निर्वासित' नव्हे

आंब्याचा हंगाम आला की रत्नागिरी-देवगडात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हे नेपाळी निर्वासित. सरकार ह्यांना पोसतं." दोन्ही गोष्टी खोट्या.

रात्रभर बॅटरी घेऊन कलमं राखणारा, पहाटे वानरं हाकलणारा गडी पोसला जात नाही. बागायतदार त्याला पगार देतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचा नेपाळी खलाशीही तसाच. 1 जूनला मासेमारी बंद झाली की त्यातले बरेचजण गावी जातात. जिवाच्या भीतीने पळालेला माणूस असा दरसाल घरी जाईल का?

त्यांच्या येण्याला आधार आहे 1950 च्या भारत-नेपाळ कराराचा. त्याच्या सातव्या कलमानुसार दोन्ही देशांचे नागरिक एकमेकांकडे राहू शकतात, व्यापार करू शकतात, फिरू शकतात. व्हिसा लागत नाही. मतदानाचा हक्क मात्र यातून मिळत नाही.

खऱ्या निर्वासिताची गत उलटी. 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही आणि देशात वेगळा निर्वासित कायदाही नाही. तिबेटी, श्रीलंकन तमिळ यांच्यासाठी सरकारने वेळोवेळी सोय केली. रोहिंग्यांना ती मिळाली नाही. म्हणजे कामासाठी आलेल्याला करार आहे आणि जीव वाचवायला आलेल्याला सरकारची मर्जी. अन्याय शोधायचाच तर तो इथे आहे, बागेतल्या खोपटात नाही.