न घडलेली रात्र: अतिदक्षता विभागातील ताण आणि स्मृती यांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

अतिदक्षता विभागातून बरा होऊन घरी आलेला माणूस दोन-तीन आठवड्यांनी घरच्यांना हळूच विचारतो, की त्या रात्री सिस्टर मला मारायला आली होती, हे तुम्हाला कोणी सांगितले का? घरचे एकमेकांकडे पाहतात. औषधांमुळे तसे वाटले असेल, आता ते डोक्यातून काढून टाक, असे कोणीतरी म्हणते आणि विषय तिथेच थांबतो. घशात नळी किती दिवस होती, भेटायला कोण कोण आले, वॉर्डात केव्हा हलवले, यांपैकी काहीच त्याला आठवत नसते, पण कधीच न घडलेली ती रात्र त्याच्या मनात लख्ख उभी असते. या विसंगतीचा पद्धतशीर अभ्यास गेल्या तीसेक वर्षांतला आहे. तो समजून घ्यायचा, तर सुरुवात मात्र अतिदक्षता विभागाच्या जन्मापासून करावी लागते.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 जण दगावले. ऑगस्टच्या अखेरीस ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने 12 वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवून घेतली, रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली आणि तिला वाचवले. त्यानंतर सुमारे 1500 विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून अशाच पिशव्या दाबत राहिले. पुढच्या वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात जो विभाग सुरू केला, तो जगातला पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो. ही हकीकत बहुतेक वेळा कृत्रिम श्वसनाच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. यांपैकी बरेच रुग्ण जागे होते, आणि पिशवी दाबणारा विद्यार्थी त्यांच्याशी बोलत असे, त्यांना वाचून दाखवत असे, लहान मुलांशी खेळत असे. पुढे विद्यार्थ्याची जागा यंत्राने घेतली, तेव्हा हवा भरण्याचे काम यंत्राकडे गेले, पण उशाशी बसून बोलण्याचे काम कोणाकडेच गेले नाही.

1960 च्या दशकात, विशेषतः हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांना स्थळकाळाचे भान सुटणे, भास आणि आरडाओरडा वारंवार दिसू लागला आणि त्याला ‘इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असे नाव मिळाले. अखंड प्रकाश, यंत्रांचे आवाज, खिडकी नसलेल्या खोल्या आणि मोडलेली झोप ही त्याची कारणे सांगितली गेली. आपल्याकडे तापात बरळणाऱ्या माणसाला ‘वात झाला’ म्हणण्याची रीत फार जुनी आहे. आजारी शरीर मेंदूलाही गोंधळात पाडते, एवढे निरीक्षण त्या शब्दप्रयोगात होतेच. अतिदक्षतेच्या वैद्यकाने मात्र या अवस्थेकडे बराच काळ तात्पुरता उपद्रव म्हणून पाहिले. ताप उतरला, शुद्ध आली, की सारे मागे पडते असा समज होता.

त्या समजाला औषधांचीही साथ मिळाली. त्या काळची व्हेंटिलेटर यंत्रे रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाशी जुळवून घेत नसत. यंत्र आणि माणूस यांची झटापट टाळायची, तर रुग्णाला गाढ गुंगीत ठेवणे सोयीचे होते. 1980 च्या दशकापासून मिडाझोलाम हे औषध सर्रास वापरात आले. गुंगी आणण्याबरोबरच ते नवी आठवण तयार होऊ देत नाही, आणि हा गुण तेव्हा वरदानच मानला गेला. इतका भयंकर अनुभव रुग्णाच्या लक्षातच राहिला नाही, तर याहून दयाळू उपचार कोणता, असा तो विचार होता, आणि तो विचार करणारे लोक निष्ठुर नव्हते. तरीही 1998 साली डेन्व्हरचे थॉमस पेटी या ज्येष्ठ फुप्फुसतज्ज्ञाने लिहिले, की आता विभागात फेरी मारताना गुंगीत, निश्चल, जणू मृतच असलेले रुग्ण दिसतात, आणि आपल्या सुरुवातीच्या दिवसांत असे नव्हते.

त्याच सुमारास म्युनिकमध्ये गुस्ताव शेलिंग यांनी फुप्फुसे गंभीररीत्या निकामी होण्याच्या आजारातून वाचलेल्या 80 जणांना शोधून काढले आणि आजाराला काही वर्षे उलटून गेल्यावर त्यांना काय आठवते, हे विचारले. दुःस्वप्ने, जीवघेणी भीती, श्वास कोंडणे आणि वेदना अशा चार प्रकारच्या आठवणींची नोंद त्यांनी घेतली. यांपैकी एकाहून अधिक आठवणी ज्यांच्याजवळ होत्या, त्यांच्यात आघातानंतरचा तणावविकार, म्हणजे पीटीएसडी, ठळकपणे जास्त होता. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात रुळलेले हे निदान प्रथमच एवढ्या गांभीर्याने रुग्णालयाच्या खाटेपर्यंत आले.

यामागचे जीवशास्त्र कॅलिफोर्नियात जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून उलगडले होते. संकटात मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात आणि मेंदूतल्या अमिग्डाला या भागामार्फत त्या प्रसंगाची आठवण अधिक घट्ट करतात. रक्तदाब टिकवण्यासाठी अतिदक्षता विभागात रुग्णाला तासन्‌तास दिली जाणारी औषधे याच कुळातली असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाने शेलिंग यांची पाठ का सोडली नाही, ते समजते. दुसरीकडे कॉर्टिसॉलची पातळी उंचावली, की आधीच साठलेली आठवण पुन्हा वर येणे कठीण होते, असेही दिसून आले होते. म्हणून 2001 साली शेलिंग यांनी सेप्टिक शॉकमधून, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेतून, वाचलेल्या रुग्णांची तपासणी केली. उपचारात ज्यांना हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातले कॉर्टिसॉल, एक स्टेरॉइड) मिळाले होते, त्या 9 जणांपैकी एकाला पीटीएसडी झाला होता, तर ज्यांना मिळाले नव्हते त्या 11 जणांपैकी सात जणांना. संख्या तोकडी आहे, आणि मन शाबूत राहावे म्हणून स्टेरॉइड देण्याची पद्धत यातून रूढ झाली नाही. पण गंभीर आजारातले संप्रेरकांचे वादळ आणि नंतरचे मानसिक दुखणे यांना जोडणारा धागा मात्र हाती आला.

याच वेळी लिव्हरपूलजवळच्या व्हिस्टन रुग्णालयात क्रिस्टीना जोन्स आणि रिचर्ड ग्रिफिथ्स वेगळ्या बाजूने तिथेच पोहोचत होते. घरी गेलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावून त्यांची विचारपूस करण्याचे काम त्यांनी बरीच वर्षे चालवले होते, आणि त्यातूनच आठवणी तपासण्याची एक प्रश्नावली तयार झाली. त्या प्रश्नावलीत खऱ्या घटनांची आठवण, भावनांची आठवण आणि भासांची आठवण वेगवेगळी विचारली जाते. 2001 च्या त्यांच्या अभ्यासात रुग्ण जेमतेम 45 होते, पण निष्कर्षाने प्रचलित समज उलटा केला. खरी आठवण, ती कितीही अप्रिय असली, तरी माणसाला काही प्रमाणात सांभाळत होती. सर्वाधिक त्रास त्यांना होत होता, ज्यांच्याजवळ खऱ्या घटनांचे काहीच उरले नव्हते आणि फक्त भासच उरले होते.

हे भास हवेतून येत नाहीत. अंगावर व्रण पडू नयेत म्हणून खाटेवर घातलेली हवेची गादी आळीपाळीने फुगते आणि ओसरते, आणि गुंगीतल्या माणसाला आपण भर समुद्रात होडीत पडलो आहोत असे वाटते. नळी उपसून काढू नये म्हणून मनगटे पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेली असतात, आणि तो समजतो की आपल्याला डांबून ठेवले आहे. लघवीसाठी कॅथेटर घालताना होणारा स्पर्श त्याच्या मनात अत्याचार म्हणून नोंदला जातो. म्हणजे अशा भासांच्या तळाशी काहीतरी खरे घडलेले असते. फक्त ते काय होते, का होते, हे सांगणारी आठवण गुंगीच्या औषधांनी आणि आजाराने तयारच होऊ दिलेली नसते. शेलिंग आणि जोन्स यांचे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात, कारण एकाला आठवण घातक दिसते आणि दुसरीला आठवणीचा अभाव. पण शेलिंग यांच्या यादीत दुःस्वप्ने होतीच, हे विसरता कामा नये. माझ्या मते दोघांनी एकच जखम दोन बाजूंनी पाहिली.

मग गुंगी कमी केली तर? शिकागोत जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 128 रुग्णांवर केलेल्या चाचणीत एका गटाची गुंगीची औषधे रोज सकाळी थांबवून त्यांना जागे होऊ दिले. व्हेंटिलेटरवरचा काळ मध्यकाने (क्रमाने मधल्या रुग्णाच्या हिशेबाने) 7.3 दिवसांवरून 4.9 दिवसांवर आला. नळी घशात असताना माणसाला जागे करणे म्हणजे त्याच्या मनावर कायमचा घाव घालणे, असा आक्षेप लगेच आला. म्हणून 2003 साली त्यांनी वाचलेल्यांची मानसिक तपासणी केली. रोज जागे केलेल्यांत पीटीएसडीचा एकही रुग्ण नव्हता, तर तुलनेच्या गटात ते प्रमाण 32 टक्के होते. गट इतके लहान होते, की संख्याशास्त्राच्या कसोटीवर ही तफावत पक्की ठरली नाही, पण जागे केल्याने मन मोडते ही भीती मात्र निराधार ठरली.

गोंधळलेल्या मेंदूची मोजदादही याच काळात सुरू झाली. सॉल्ट लेक सिटीत रामोना हॉपकिन्स यांनी 1999 साली दाखवले, की फुप्फुसांच्या गंभीर आजारातून वाचलेल्यांपैकी 78 टक्के लोकांना वर्षभरानंतरही स्मरण, लक्ष किंवा विचारांचा वेग यांपैकी कशात तरी अडचण होती. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या वेस एली यांच्या गटाने 2001 साली नळीमुळे बोलू न शकणाऱ्या रुग्णातही डेलिरियम, म्हणजे आजारात मेंदूचा अचानक उडणारा गोंधळ, ओळखता येईल, अशी छोटी चाचणी रुजवली. त्याच गटाने 2013 साली 821 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 74 टक्क्यांना डेलिरियम झाला होता, आणि वर्षभरानंतर 24 टक्क्यांची बौद्धिक क्षमता सौम्य अल्झायमरच्या रुग्णाएवढी खालावलेली होती. डेलिरियम जितका लांबला, तितकी हानी जास्त होती. तात्पुरता उपद्रव हा समज त्यानंतर टिकणे शक्य नव्हते. स्नायूंचा अशक्तपणा, बुद्धीची घट आणि मनाचा त्रास यांना एकत्र बांधणारे ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ हे नाव 2012 मध्ये छापून आले, आणि त्यात नातेवाइकांच्या त्रासालाही जागा मिळाली.

हरवलेल्या दिवसांची भरपाई करण्याचा सर्वांत साधा मार्ग स्कँडिनेव्हियातल्या परिचारिकांनी शोधला. रुग्ण गुंगीत असताना त्याच्या नावाने रोजनिशी लिहायची: आज तुम्हाला ताप होता, दुपारी तुमची मुलगी येऊन तुमचा हात धरून बसली, रात्री तुम्ही नळी ओढू लागलात म्हणून हात बांधावे लागले, सकाळी सोडले. सोबत एखादे छायाचित्र. स्वीडनमधल्या नॉरशॉपिंगच्या कार्ल बॅकमन यांनी अशा 51 रोजनिश्यांचा अनुभव 2001 साली मांडला. पुढे जोन्स आणि बॅकमन यांनी मिळून सहा युरोपीय देशांतल्या 12 रुग्णालयांत 352 रुग्णांवर चाचणी केली. 2010 च्या निकालानुसार रोजनिशी मिळालेल्यांत नव्याने उद्भवलेला पीटीएसडी 5 टक्के होता, तर इतरांत 13.1 टक्के.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. 2019 साली फ्रान्समधल्या 35 विभागांतल्या मोठ्या चाचणीत पीटीएसडीची लक्षणे रोजनिशीच्या गटात 29.9 टक्के आणि दुसऱ्या गटात 34.3 टक्के जणांत निघाली, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा ठरला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 24 विभागांत परिचारिकांनी दिलेल्या मानसिक आधाराच्या चाचणीतही लाभ दिसला नाही. यावरून रोजनिशी निरुपयोगी ठरवणे मला घाईचे वाटते, कारण तशी वही कोणासोबत आणि कोणत्या क्षणी उघडली जाते, हे अशा चाचण्यांत सहज मोजता येत नाही. पण 2010 चा आकडा तेवढा मिरवणे आणि 2019 चा झाकून ठेवणेही अप्रामाणिक होईल.

आपल्याकडच्या रुग्णालयांत अशा वहीची सर्रास प्रथा नाही. डिस्चार्ज कार्डावर निदान, तपासण्या आणि गोळ्या असतात. मात्र विभागाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलाने किंवा सुनेने घरच्या व्हॉट्सॲप गटावर रोज काहीतरी कळवलेले असते, की आज ताप नाही, डॉक्टर म्हणाले उद्या नळी काढून बघू, बाबांनी डोळे उघडले पण ओळखले नाही. तारीख आणि वेळेसकट हे सारे फोनमध्ये पडून असते, आणि सिस्टर मला मारायला आली होती का, असे त्याने विचारले, की त्या दिवसाचा मजकूर शोधून, शेजारी बसून, त्याला वाचून दाखवता येतो.