दिव्यांग मुलाचा शाळाप्रवेश: ४० टक्क्यांची अट कुठे लागते, कुठे नाही

"प्रमाणपत्रावर ४० टक्के नाहीत, प्रवेश देता येणार नाही." हे ऐकून पालक मुकाट्याने परत फिरतात. कृपा करून फिरू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ नुसार सरकारी, अनुदानित किंवा नुसती मान्यता असलेली शाळाही मुलाच्या दिव्यांगत्वावर बोट ठेवून त्याला नाकारू शकत नाही. त्या कलमात टक्केवारी नाहीच.

ती येते कलम ३१ मध्ये. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि जवळची शाळा की विशेष शाळा हे मुलाने, म्हणजे व्यवहारात तुम्ही, ठरवायचं. "याला विशेष शाळेतच घाला" हा मुख्याध्यापकांचा सल्ला असू शकतो, आदेश नव्हे. तीव्र किंवा बहुविकलांग मुलासाठी घरी शिकण्याची सोय आहे, पण तीही मागायची पालकांनी. शाळेने ती गळ्यात मारायची नाही.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या, २५ टक्के जागांसाठी मात्र ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र हवंच. दिव्यांग बालक वंचित घटकात येतं, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तरी लोक त्यासाठी तहसील कार्यालयात रांगा लावतात. जन्मदाखला आणि रहिवासी पुरावा नेहमीचाच. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा, साध्या स्टॅम्पपेपरवरचा चालत नाही.

खरी अडचण प्रमाणपत्राची. खासगी डॉक्टरांचा किंवा थेरपिस्टचा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तो तपासणीला सोबत न्या, एवढंच. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी) पोर्टलवर अर्ज करून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या, आणि हे प्रवेशाच्या जाहिरातीची वाट न पाहता आधीच उरका. चंदगडहून येणाऱ्या आईबापाचा एका फेरीत अख्खा दिवस आणि मजुरी जाते, याचा विचार व्यवस्था करत नाही, म्हणून निघण्यापूर्वी तपासणीचा वार विचारून घ्या. आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का पाहा. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत वाचा.

शाळेने नकार दिला तर तोंडी ऐकून घेऊ नका. लेखी अर्ज द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या. तीच पोच जोडून तालुक्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करा. तिथेही दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कायद्याने राज्य आयुक्तांना दिले आहेत.