रेंज असणे आणि इंटरनेट असणे

‘गावात नेट आलं’ असे आपण सहज म्हणून जातो, पण या तीन शब्दांत दोन निरनिराळ्या घटना असतात. टॉवर उभा राहिला, केबल पुरली गेली, मोबाइलवर रेंजच्या काड्या दिसू लागल्या, ही एक घटना. आणि त्या गावातला माणूस त्या जोडणीवरून आपले काम आपण करू लागला, ही दुसरी. पहिलीला पोहोच म्हणू आणि दुसरीला वापर. माहिती तंत्रज्ञानाने जग जवळ आणले असे सांगणारे बहुधा पहिलीकडे बोट दाखवतात, इंटरनेटने विषमता वाढवली असे सांगणारे बहुधा दुसरीकडे. त्यामुळे दोघांचा वाद रंगतो खरा, पण तो एकाच गोष्टीबद्दल नसतो.

मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए पोहोचीतली आणि वापरातली तूट वेगवेगळी मोजते. तिच्या हिशेबानुसार २०२३च्या अखेरीस मोबाइल इंटरनेटचे जाळेच नाही अशा भागांत राहणारे लोक जगात सुमारे ३५ कोटी होते, म्हणजे ४ टक्के. तर जाळ्याच्या टप्प्यात राहूनही मोबाइल इंटरनेट न वापरणारे सुमारे ३१० कोटी, म्हणजे ३९ टक्के. रेंज नाही म्हणून बाहेर राहिलेल्या एका माणसामागे रेंज असून बाहेर राहिलेली जवळजवळ नऊ माणसे आहेत.

हा फरक मला आकड्यांपेक्षा सिंहगड रस्त्यावरच्या एका सेवा केंद्रात अधिक नीट कळला. पानशेतकडून आलेले एक आजोबा सातबारा काढायला बसले होते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शासनाच्या संकेतस्थळावर १५ रुपये शुल्क भरून घरबसल्या मिळतो आणि आजोबांच्या खिशात चांगला स्मार्टफोन होता, त्यावर ते रोज कीर्तन ऐकतात हेही त्यांनीच सांगितले. मग हा कागद घरी का काढला नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘कीर्तन नुसतं बोललं की लागतंय. हितं काय काय भरायला लागतंय, अन्‌ चुकलं की पैसं जात्यात.’’ केंद्रातल्या मुलाने ओटीपी विचारला, तेव्हा त्यांनी आकडा वाचून न दाखवता फोनच त्याच्या हातात दिला. त्यांच्या गावात आणखी एक टॉवर उभारला, तर कीर्तन अडखळणार नाही. सातबाऱ्यासाठीची खेप मात्र चुकणार नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण एका ओळखीच्या मुलीचे आहे. ती सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. फॉर्म भरणे, फोटोचा आकार कमी करून तो अपलोड करणे, शुल्क भरल्याची पावती जपून ठेवणे हे सगळे तिच्या हातचा मळ आहे. गणपतीला ती वेल्ह्याकडच्या आपल्या वाडीत जाते, तेव्हा शेवटच्या वळणानंतर फोन मुका होतो आणि देवळामागच्या टेकाडावर चढल्याशिवाय जागा होत नाही. गेल्या वर्षी शेजाऱ्यांचे तीन अर्ज तिने त्या टेकाडावरून, एका हातात छत्री धरून भरले. तिला हवा आहे तो टॉवर आणि फक्त टॉवर. दोघांचीही नोंद ‘इंटरनेटपासून वंचित’ याच रकान्यात केली, तर कोणाचेच काम होत नाही.

जागतिकीकरणाच्या संदर्भात ही गल्लत अधिक खोल जाते आणि पुण्याच्या इतिहासात ती स्पष्ट दिसते. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची देशातली पहिली केंद्रे १९९०मध्ये बंगळूर, पुणे आणि भुवनेश्वर येथे स्थापन झाली. निर्यात करणाऱ्या कंपन्यांना उपग्रहामार्फत वेगवान जोडणी देणे हे त्यांचे एक मुख्य काम होते. अभियंत्याला विमानाने परदेशी पाठवण्याऐवजी त्याचे काम या जोडणीवरून पाठवता येऊ लागले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून पुण्याचे घड्याळ साडेनऊ-साडेदहा तास पुढे असल्याने तिकडची रात्र इकडचा कामाचा दिवस झाली. सर्वसामान्य नागरिकासाठी मात्र विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही डायल-अपवर आणि आरंभी महानगरांतून. म्हणजे या शहरात जगाशी जोडणी आधी निर्यातीला मिळाली आणि शहरवासीयाला नंतर. हा क्रम चुकला असे मी म्हणणार नाही, कारण त्या निर्यातीनेच पुढे हिंजवडी उभी केली; पण जोडणी कोणासाठी बांधली गेली यावर तिचा लाभ कोणाला होणार हे बरेचसे ठरते.

हिंजवडी आणि माणच्या शिवारावर आता कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तिथे फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला आणि सहाव्या मजल्यावरच्या प्रोग्रॅमरला बहुधा एकाच टॉवरची रेंज मिळते. एक जण त्या जोडणीवर परदेशी बँकेची प्रणाली सांभाळतो, दुसरा आपली हजेरी लावतो आणि रात्रपाळीत व्हिडिओ पाहतो. दोघांच्या पोहोचीत तसूभरही फरक नाही. फरक आहे तो इंग्रजीचा, पदवीचा आणि हातातल्या यंत्राचा, म्हणजे संगणक आणि पाच-सहा इंचांचा पडदा यांच्यातला. जागतिकीकरणाचा पगार याच फरकातून वाटला जातो.

सरकारी योजनांना पोहोच प्रिय असते, कारण ती मोजता येते आणि तिचे उद्घाटन करता येते. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेला २०११मध्ये मंजुरी मिळाली, आणि आता दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ ठरल्या आहेत; तरी ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत जाणे आणि गावातल्या स्वयंपाकघरापर्यंत इंटरनेट जाणे यांत बरेच अंतर आहे. वापराच्या बाजूने झालेला आपल्याकडचा मोठा प्रयत्न म्हणजे पुण्यातून चालणाऱ्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा, म्हणजे एमकेसीएलचा, एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र चालत असल्याने अनेकांनी तो केवळ प्रमाणपत्रापुरता केला, हे खरे. तरीही तालुक्याच्या गावातल्या हजारो मुलामुलींचा हात पहिल्यांदा माउसवर पडला तो तिथेच.

आकडेवारी वाचतानाही दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. दूरसंचार खात्याच्या आकड्यांत ‘ग्राहक’ म्हणून मोजली जाते ती जोडणी. दोन सिम वापरणारा माणूस तिथे दोनदा येतो. कुटुंबाच्या पाहणीत घरात एक फोन असला की सगळे घर जोडलेले धरले जाते. मग तो फोन दिवसभर कोणाच्या खिशात असतो, हे पाहायला व्यक्तीला विचारावे लागते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने तसे विचारले, तेव्हा आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरले असे सांगणाऱ्या स्त्रिया देशात ३३.३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७.१ टक्के. टॉवर काही स्त्री-पुरुष पाहून रेंज देत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंतचा प्रवेश हा घटनेच्या कलम २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, त्या निकालाचे वृत्त वाचताना अनेकांना तो खेड्यापाड्यांतल्या रेंजचा खटला वाटला असेल. तो तसा नव्हता. अर्जदार ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्ती होत्या, आणि त्या अडत होत्या त्या बँका वगैरेंच्या ऑनलाइन केवायसीपाशी, जिथे माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे सांगितले जाते. न्यायालयाने ही प्रक्रिया बदलून तिला पर्याय देण्याचे आदेश दिले. टॉवरचा त्यात संबंधच आला नाही.