वन-स्टेप म्हणजे ‘ऑल ॲनालॉग’ नव्हे

“वन-स्टेप आहे, म्हणजे टेपवरून थेट तबकडीवर. मध्ये डिजिटल काही नाही!” जुने अल्बम नव्याने छापणाऱ्या मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीचा, ‘वन-स्टेप’ पद्धतीने छापलेल्या तबकड्यांचा खोका शंभराहून जास्त डॉलर मोजून आणणारा हे ऐकवल्याशिवाय राहत नाही. परवा निमित्त होतं ईगल्स या अमेरिकी बँडच्या १९७२च्या पहिल्या अल्बमचं. निर्माता ग्लिन जॉन्सने लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत केलेलं ते कंट्री-रॉक मलाही प्रिय आहे, म्हणून निमूट ऐकून घेतलं. आता नाही.

ऑल ॲनालॉग म्हणजे काय? टेपमशीनपासून लेथच्या, म्हणजे चर कोरणाऱ्या यंत्राच्या, सुईपर्यंत आवाजाचे कुठेही आकडे होत नाहीत.

वन-स्टेपची गोष्ट सुरू होते ती लेथचं काम संपल्यावर. लेथ ज्या चकतीवर चर कोरते ती लॅकर. तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात. ते सोलून काढलं की मिळतो उलटा साचा, ‘फादर’; चरांच्या जागी उंचवटे. त्यावरून सुलट ‘मदर’, ही चक्क वाजवताही येते. मदरवरून पुन्हा उलटा ‘स्टँपर’, आणि त्याने तबकड्या छापायच्या. एवढा खटाटोप अशासाठी, की एका फादरवरून अनेक मदर, एकेका मदरवरून अनेक स्टँपर निघतात आणि हजारो प्रती होतात. पण झेरॉक्सची झेरॉक्स काढताना होतं तसं दर वेळी काहीतरी पुसट होतं. वन-स्टेपमध्ये मदर आणि स्टँपर गाळून पहिलाच निकेलचा साचा प्रेसला लावतात. त्याला ‘कन्व्हर्ट’ म्हणतात. गाळलेल्या पायऱ्या त्या एवढ्याच. लॅकर कशावरून कोरली, याबद्दल ‘वन-स्टेप’ हा शब्द अवाक्षर काढत नाही.

उलट खरी मेख इथेच आहे. साचा झिजला की मागे मदर नाही, म्हणजे नवी लॅकर कोरा, म्हणजे पुन्हा टेप लावा. पन्नास वर्षांची मास्टर टेप कोण इतकी घासू देईल? त्यापेक्षा ती एकदाच वाजवून डीएसडी या डिजिटल स्वरूपात उतरवायची आणि हव्या तितक्या लॅकर त्यावरून कोरायच्या. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० वन-स्टेप प्रती जाहीर झाल्या तेव्हा मध्ये डिजिटल असावं अशी लोकांना शंका आली ती याच हिशेबाने. जुलै २०२२मध्ये कंपनीच्या इंजिनिअरांनीच डीएसडीची कबुली दिली. ईगल्सच्या खोक्याच्या माहितीत तर आता साखळी उघड दिलेली आहे: टेप, डीएसडी २५६, ॲनालॉग कन्सोल, लेथ.

मला डीएसडीचं वावडं नाही. आवाज झकास आहे. चीड येते ती जॅकेटच्या माथ्यावर वर्षानुवर्षं ‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’ अशी पट्टी छापून वाटेतल्या मुक्कामांबद्दल गप्प राहण्याची.

बाकी खोक्यावर मिरवलेलं १८० ग्रॅम हे तबकडीचं वजन आहे, त्याला आवाज नसतो. ४५ आरपीएमचा, म्हणजे ३३ऐवजी मिनिटाला ४५ फेऱ्यांचा, फायदा मात्र खरा: सुईखालून दर सेकंदाला जास्त लांबीचा चर जातो, बारकावे ऐकू येतात. पण त्यामुळे एका बाजूवर कमी गाणी मावतात; दहा गाण्यांच्या अल्बमला चार बाजू! चहा निवायच्या आत उठून तबकडी उलटावी लागते. म्हणून रोजच्या ऐकण्याला मी अजून जुनी ३३चीच लावतो.